ऐंशी डाव्या बाह्या

मास्टरच्या कमरेला पट्टा होता आणि मणका होता ठणठणीत. गोष्ट इथूनच धरायला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्या पट्ट्यापायी झालं.

मास्टर म्हणजे कटिंग मास्टर. युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं कापड कापणारा माणूस. काम असं, की लांब टेबलावर कापडाचे चाळीस-चाळीस थर एकावर एक घालायचे, वरच्या थरावर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूने आखायचं, आणि उभ्या पातीचं मशीन हाताने ढकलत त्या रेषेवरून न्यायचं. शिलाईवाला चुकला तर उसवून परत शिवतो. कटिंगवाल्याला उसवायला काही नसतं. एक चुकलं की चाळीस चुकले. म्हणून मास्टरची एक सवय होती. मशीन लावायच्या आधी थराचा एक कोपरा अंगठ्याने उलटून बघायचा. कापडाचं तोंड, म्हणजे सुलट बाजू, कुठे आणि पाठ कुठे. रोज, न चुकता, एकतीस वर्षं. नवी माणसं हसायची, म्हणायची, मास्टर कापडाला नमस्कार करतोय.

दुखणं सुरू झालं त्याला तीन वर्षं झाली होती. सकाळी उठला की वाटायचं, रात्रभर कुणी गोणत्यात घालून बडवलंय. आज खांदा, उद्या मांडी, परवा तळपाय. दुखणं एका जागी बसेल तर शपथ. कधी कधी तर शर्टाची कॉलर मानेला लागली तरी नको व्हायचं. तपासण्या झाल्या. रक्त झालं, एक्स-रे झाला, त्या मोठ्या नळकांड्यात घालून फोटो काढले. सगळं नॉर्मल. प्रत्येक वेळी नॉर्मलचा कागद हातात घेऊन मास्टर दवाखान्यातून असा बाहेर यायचा, जसा काही नापास झालाय. मेव्हणा म्हणाला, "नॉर्मल आहे म्हणजे बरंच की! पेढे... नाही, चहा तरी पाजा." मास्टरला त्याच्या डोक्यात चहा ओतावासा वाटला.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी मानेपासून गुडघ्यापर्यंत जागोजाग बोटं दाबून बघितली. मास्टर प्रत्येक ठिकाणी कळवळला. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. म्हणाल्या, "दुखणं खरं आहे. फोटोत दिसत नाही, एवढंच. बायकांमध्ये जास्त दिसतं, पण पुरुषांनाही होतं."

आता या वाक्याचे दोन तुकडे आहेत. मास्टरने पहिला तुकडा तेवढा घरी आणला. बायकांमध्ये जास्त.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात पहिलवानने विचारलं. पहिलवान म्हणजे इस्त्रीवाला. इस्त्रीपेक्षा थोडा जाड. "काय म्हणाल्या डॉक्टर?"

मास्टरच्या जिभेवर ते लांबलचक नाव आलं आणि तिथेच बसलं. आणि त्याच्याऐवजी भलतंच बाहेर पडलं.

"मणक्यात गॅप आहे."

झालं! अख्ख्या खोलीतल्या शिलाईमशिनी थांबल्या. "गॅप! अरे देवा." "माझ्या मामांना होता, सहा महिने आडवे होते." "मास्टर, खाली वाकायचं नाही हं." पहिलवानने तर तिथल्या तिथे कापडाचा ताका मास्टरच्या हातातून काढून स्वतःच्या काटकुळ्या खांद्यावर घेतला. "आजपासून ताके मी उचलणार. तुम्ही हात लावलात तर बघा."

डॉक्टरीणबाई सोडल्या तर तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मास्टरचं दुखणं मानलं होतं. फक्त ते दुखणं त्याचं नव्हतं.

गॅप आहे म्हटल्यावर पट्टा पाहिजे. सासऱ्याचा एक जुना पट्टा माळ्यावर होता, कॅनव्हासचा, रुंद, पुढे चिकटपट्टी असलेला. बायकोने तो काढून दिला, पण सुखासुखी नाही.

"बाबांचा मणका खरंच गेला होता. त्यांनी नाइलाजाने घातला हा. तुम्ही हौसेने घालताय."

"हौस कसली? विचारतात लोक."

"मग सांगा ना खरं."

"काय सांगू? सगळीकडे दुखतं, कशानेही दुखतं, आणि फोटोत काही नाही? पोरगं शाळा चुकवायला सांगतं तसं वाटतं ते."

 बायकोने पट्टा झटकला आणि त्याच्या हातात दिला. गंमत बघा, त्या पट्ट्याने आराम तर सोडाच, बरगड्यांखाली काचून आणखीच दुखायचं. खोट्या दुखण्यासाठी मास्टर रोज आठ तास खरं दुखणं कमरेला बांधून फिरत होता.

मग गोळ्या. आधी एक, मग दोन, आणि पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी दुपटीची दिली. दुखणं बोथट झालं, खोटं कशाला बोला. पण गोळीने दुखण्याबरोबर मास्टरलाही बोथट केला. तोंड कोरडं पडायचं. संध्याकाळी घोट्यांवर मोज्यांचे वळ उमटायचे, इतके पाय सुजायचे. वजन असं वाढलं, की पट्ट्याची चिकटपट्टी जेमतेम टोकाला लागायची. जन्मभर दुसऱ्यांच्या कमरा मोजलेल्या माणसाला स्वतःच्या कमरेला टेप लावायची भीती वाटायला लागली. आणि डोक्यात धुकं. रोजचे शब्द पळून जायचे. एकदा कात्री मागायची होती, तर नाव आठवेना. "ते द्या हो... ते कापायचं." समोरची बाई बघतच राहिली. कटिंग मास्टर, आणि कात्री आठवत नाही.

गोळी वाढवताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "झोपाळल्यासारखं होईल. गाडी चालवता? एखादं यंत्र?"

"नाही, नाही," मास्टर म्हणाला. "टेबलावरचं काम आहे."

टेबलावरचंच होतं म्हणा. टेबलावर कापडाचे थर होते आणि थरांवर विजेवर चालणारी वीतभर पाती होती. ते नाही सांगितलं. सांगितलं असतं तर मशीन सोडावं लागलं असतं, आणि मशीन सोडलेल्या मास्टरला मास्टर कोण म्हणणार?

मग मास्टरने एक युक्ती काढली. सकाळी डोकं त्यातल्या त्यात जागं असायचं. तेव्हा दिवसभराच्या गोष्टी लिहून ठेवायच्या. पण कागद कुणाच्या हाती लागला तर? म्हणून पट्ट्याच्या आतल्या बाजूला, बॉलपेनने. बाथरूममध्ये जायचं, पट्टा सोडायचा, वाचायचं, परत बांधायचा. पहिलवानला वाटायचं, गॅपमुळे वारंवार जावं लागतं. तोही बिचारा हळहळायचा.

आणि मग आला तो मंगळवार.

एका हॉस्पिटलच्या वॉर्डबॉयचे चाळीस कोट होते, गडद हिरवे. आदल्या दिवशी पुढचे-मागचे भाग कापून झाले होते. बाह्या राहिल्या होत्या. थर घालायचं काम वहिनीकडे. वहिनी म्हणजे आधीच्या इस्त्रीवाल्याची बायको. नवरा गेला तेव्हा ती कारखान्यात धागे कापायला लागली आणि सगळ्यांची वहिनीच राहिली. धागे कापण्यावरून तिला टेबलावर आणली ती मास्टरनेच. चार वर्षं हाताला धरून शिकवली. थर असे घालायची की चाळीस कडा एका रेषेत, नख फिरवावं तर अडकू नये. आणखी वर्षभरात मशीन तिच्या हातात देईन, असं मास्टर स्वतः सगळ्यांसमोर म्हणाला होता.

बाह्यांचं गणित सोपं आहे. थर घालताना कापड तोंडाला तोंड, पाठीला पाठ असं घातलं, तर फर्मा कसाही ठेवा, डाव्या-उजव्या बाह्या आपोआप निम्म्या-निम्म्या निघतात. पण सगळं कापड तोंड वर करून घातलं, तर फर्मा एकदा सरळ आणि एकदा पालथा ठेवून आखावा लागतो. एक डावी, एक उजवी. कारखान्यात नेहमी तोंडाला तोंडच घालायचे. पण या ताक्यात सुताच्या गाठी होत्या. तोंड वर असलं की थर घालतानाच गाठ दिसते. म्हणून मंगळवारी सकाळी मास्टर वहिनीला म्हणाला, "आज सगळं तोंड वर घाला."

वहिनीने घातलं.

दुपारी जेवणानंतर मास्टर टेबलापाशी आला तेव्हा गोळीने डोळ्यांवर साय धरली होती. अंगठा सकाळपासून ठणकत होता. कोपरा उलटायला हात पुढे केला, अंगठ्यातून कळ निघाली, हात मागे घेतला. म्हटलं असू दे. आपल्याकडे तोंडाला तोंडच असतं. फर्मा ठेवला, आखला. परत तसाच ठेवला, परत आखला. मशीन चालू केलं. पाती सुरेख गेली. रेषा सोडून केसभर हलली नाही. हात शिकलेला होता हो, झोपेतही चुकत नव्हता.

संध्याकाळी शिलाईवाल्या बाईने पहिल्या कोटाला बाही लावली. दुसरी लावायला घेतली. उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली.

"मास्टर, उजवी बाही द्या ना."

मास्टरने गठ्ठ्यातली दिली. तीही डावी. तिसरी दिली. डावी. मग पहिलवानने अख्खा गठ्ठा जमिनीवर ओतला आणि सगळे गुडघ्यांवर बसून शोधायला लागले, जशी काही सुई पडलीय. ऐंशी बाह्या. ऐंशीच्या ऐंशी डाव्या.

"एवढे डावे हात असलेला वॉर्डबॉय कुठून आणायचा?" पहिलवान म्हणाला. कुणी हसलं नाही.

मालकीणबाई खाली आल्या. वय असेल पस्तीस. वडिलांमागे कारखाना सांभाळत होत्या. त्यांचा शाळेचा पहिला स्कर्ट मास्टरने कापला होता, त्यामुळे त्या अजून त्याला काका म्हणायच्या.

"काका, हे कसं झालं?"

मास्टरने तोंड उघडलं. खरं सांगायचं तर त्याला आठवतच नव्हतं. सकाळ म्हणजे धुक्यातला रस्ता झाली होती. नेहमी काय असतं ते मात्र आठवत होतं. तो म्हणाला, "तोंडाला तोंड घालायचं होतं. नेहमीसारखं."

वहिनीने चमकून वर बघितलं. "मास्टर, तुम्हीच म्हणालात ना, आज तोंड वर घाला म्हणून? गाठी दिसाव्यात म्हणून."

"मी?"

"सकाळी. इथेच उभे होतात."

सगळ्यांनी मास्टरकडे बघितलं. एकतीस वर्षांत एक थर न चुकलेला माणूस, त्यात मणक्यात गॅप असून उभा राहून काम करणारा. मग सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं. निकाल तिथेच लागला. मास्टरने फक्त एक करायचं होतं, "मला आठवत नाही" म्हणायचं. तीन शब्द होते. त्यातला एकही त्याने काढला नाही. खाली मान घालून खडू पुसत राहिला.

मालकीणबाई म्हणाल्या, "वहिनी, कापड परत मागवते. पण तोवर तुम्ही धाग्यांवर बसा. टेबल पहिलवान बघेल."

वहिनीने काही वाद घातला नाही. टेबलाच्या कोपऱ्यात तिची मापाची पट्टी होती, ती उचलली, आणि खिडकीखालच्या बाकड्यावर, जिथे चार वर्षांपूर्वी बसायची, तिथे जाऊन बसली.

घरी आल्यावर मास्टरने पट्टा सोडला आणि पलंगावर टाकला. तो पडला उलटा. आतली बाजू वर. सकाळचं अक्षर, स्वच्छ, आपलंच.

"आज तोंड वर. गाठी. वहिनीला सांगितलं. बाही दोनदा, एक पालथी!!"

पुढे दोन उद्गारचिन्हं. म्हणजे विसरू नये म्हणून.

 मास्टर उठला, बाथरूममध्ये गेला, नळ सोडला, आणि कपड्यांच्या ब्रशला साबण लावून ते अक्षर घासायला लागला. खांदा बोंबलत होता. घासला, घासला. फेस निळा झाला. अक्षर पसरलं, फिकट झालं, पण जाईना.

दारात बायको.

"पट्टा का धुताय?"

"घामाचा वास येतो."

तिने पट्टा त्याच्या हातातून घेतला आणि वाचला. तिला कारखान्यातलं काही माहीत नव्हतं. "हे कुणी लिहिलं?" मग त्याचं तोंड बघितलं आणि तिला कळलं की काहीतरी मोठं आहे. मास्टरने सगळं सांगितलं. ओल्या फरशीवर उभा राहून, पायजमा भिजवून घेत. डॉक्टरीणबाईंना मारलेली थापसुद्धा.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "उद्या जाऊन सांगा." आणि पट्टा दोरीवर वाळत घातला. उलटा. आतली बाजू बाहेर.

मास्टरने दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

त्याने दुसरंच केलं. गुपचूप गोळ्या बंद केल्या. म्हटलं, धुकं जाऊ दे, मग बोलू. तर एका दिवसात असा घाम, अशी मळमळ, अंगात अशी आग, की टेबलाला धरून उभं राहायची पाळी आली. पहिलवानने धावत जाऊन स्टूल आणलं. "गॅप वाढला वाटतं! बसा, बसा." आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं.  मास्टरने संध्याकाळी गोळी परत सुरू केली आणि बायकोला हेही सांगितलं नाही. लाज अशीच असते, एकटी राहत नाही, आपलं गोत जमवते.

खिडकीखाली वहिनी धागे कापत होती. मान खाली. मास्टर तिकडे पाठ करून उभा राहायचा, पण पाठीलाही दिसायचं.

शुक्रवारी सुट्टी झाल्यावर सगळे निघाले, आणि ती त्याच्याकडे आली. हातात डबा होता. आजूबाजूला कुणी नाही बघून हळू आवाजात म्हणाली, "मास्टर, एक बोलू?"

मास्टरला वाटलं, आली वेळ. आता ही चार शब्द सुनावणार. सुनावू दे. बरंच होईल.

"मी खूप विचार केला. माझंच ऐकण्यात चुकलं असेल."

"काय?"

"मला अजूनही तुमचा आवाज ऐकू येतो, तोंड वर घाला म्हणून. पण तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही कशाला खोटं बोलाल? म्हणजे माझ्याच डोक्यात काहीतरी झालंय." तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. न झालेल्या गोष्टी झाल्या म्हणायची. शेवटी शेवटी मला ओळखायची नाही. तीन दिवस मी सकाळी उठले की आधी वार आठवून बघते, मग शेजाऱ्यांची नावं. तुम्ही जाता त्या डॉक्टर चांगल्या आहेत का? त्या डोक्याचं बघतात का?"

मास्टर उभा होता तिथे भिंत असती तर तिच्यात शिरला असता. स्वतःच्या डोक्यातलं धुकं त्याने उचलून या बाईच्या डोक्यात घातलं होतं. आणि ती त्याचंच नाव घेऊन ते खरं मानत होती.

"वहिनी..." तो म्हणाला. आणि पुढचे शब्द पळाले. या वेळी गोळीने नाही पळवले. "उद्या... उद्या बोलू. तुम्ही डॉक्टरकडे जाऊ नका. तुमचं डोकं चांगलं आहे."

"असं म्हणता?"

"मी सांगतो ना."

ती थोडी हसली, बरं वाटल्यासारखी. त्या हसण्याने मास्टरची उरलीसुरली हिंमतही गेली.

शनिवारी नवं कापड आलं. चाळीस उजव्या बाह्या कापायच्या होत्या. डाव्यांतल्या चाळीस कामाला लागणार होत्या, बाकी चाळीस फुकट. पहिलवानने थर घातले होते, ते असे की अंथरूण घातलंय असं वाटावं. मालकीणबाई स्वतः खाली येऊन उभ्या होत्या.

"काका, करा सुरू."

मास्टरने मशीनला हात लावला नाही. त्याने शर्ट वर केला आणि पट्ट्याची चिकटपट्टी ओढली. चर्रर्र! अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा आवाज. सगळ्यांनी माना वळवल्या. मास्टर उभा, पोट सुटलेलं, शर्ट चुरगळलेला, हातात पट्टा. त्याने तो टेबलावर ठेवला आणि कोपरा अंगठ्याने उलटला. रोज कापडाचा उलटायचा तसा.

"बाई, हे वाचा. मोठ्याने."

"काय आहे हे?"

"वाचा."

मालकीणबाईंनी वाकून वाचलं. अक्षर पसरलेलं होतं, पण लागत होतं. "चावी डाव्या खिशात. दुपारी एक गोळी, दोनदा घेऊ नये. पहिलवानच्या बायकोचं ऑपरेशन, विचारणे. कात्री. कात्री. कात्री." त्या थांबल्या. "बाईंना झालं ती मुलगी." त्यांनी वर बघितलं.

"दोनदा तुम्हाला विचारलं मी, बाळ कसं आहे, तो कसा आहे म्हणून," मास्टर म्हणाला. "तुम्ही काही बोलला नाहीत. पुढे वाचा. खालची ओळ."

त्यांनी वाचली. तोंड वर. गाठी. वहिनीला सांगितलं. बाही दोनदा, एक पालथी.



"मंगळवारचं आहे," मास्टर म्हणाला. "मीच सांगितलं होतं. वहिनीने बरोबर घातलं. मी कोपरा बघितला नाही. आणि विचारलंत तेव्हा मला आठवत नव्हतं, हेही बोललो नाही. त्याच संध्याकाळी हे वाचलं. तरी चार दिवस गप्प बसलो."

पहिलवानने पट्टा उचलला, उलटसुलट केला. "पण मास्टर, गॅप...?"

"गॅप नाही."

"म्हणजे बरा झाला?"

"नव्हताच."

पहिलवानचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मग मी वर्षभर ताके उचलतोय ते?"

"दुखत होतं रे. अंग सगळं दुखत होतं, आजही दुखतंय. फक्त गॅप नव्हता. दुसरंच आहे." मास्टरने ते नाव घेतलं. पहिल्यांदाच घेत होता, मधे दोनदा अडखळला.

"हे गोळीचं नाव की आजाराचं?"

"आजाराचं. फोटोत दिसत नाही. बायकांना जास्त होतो." हे शेवटचं कुणी विचारलं नव्हतं. पण एकदा पोत्याचं तोंड सोडलं की सगळंच बाहेर येतं. "गोळीने झोप येते, आठवत नाही. यंत्र चालवता का, म्हणून विचारलं होतं डॉक्टरांनी. मी चालवत नाही म्हणून सांगितलं."

मालकीणबाईंचा हात आपोआप मशीनकडे गेला आणि त्यांनी भिंतीवरचा प्लग काढला. "काका, बोट गेलं असतं. तुमचं नाहीतर दुसऱ्याचं."

"हो."

"आजपासून मशीनला हात लावायचा नाही."

"हो."

एकतीस वर्षं, आणि दोन वेळा हो. संपलं.

आतापर्यंत वहिनी बाकड्यावरून उठली नव्हती. आता उठली. टेबलाजवळ आली. मास्टरला वाटलं, थोडं तरी हलकं वाटेल हिला, डोकं शाबूत असल्याचं. वाटलंही असेल. पण चेहऱ्यावर ते नव्हतं.

"काल मी तुमच्यासमोर आईचं बोलले," ती म्हणाली. "ते मी कुणाशी बोलत नाही. आणि तुम्हाला माहीत होतं. मी बोलत होते तेव्हासुद्धा माहीत होतं."

"हो."

"काल का नाही सांगितलंत? तिथल्या तिथे?"

"लाज वाटली."

"आणि मला काय वाटत होतं?"

 उत्तरासाठी ती थांबली नाही. तिने पहिलवानचे थर बघितले, तोंड वाकडं केलं, "हे काय घातलंय, पांघरूण?" म्हणाली, आणि सगळे चाळीस थर उचलून परत घालायला घेतले. कडा जुळवल्या. कोपरा उलटून बघितला. मग मालकीणबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली आणि प्लग परत लावला.

मास्टरने फर्मा पालथा ठेवला, आखला. मशीन वहिनीने चालवलं. पहिल्या वळणावर पाती जरा थरथरली. मास्टरच्या तोंडाशी सूचना आली होती. त्याने ती गिळली.

पुढचं थोडक्यात. मास्टर डॉक्टरीणबाईंकडे गेला, बायको सोबत होती, म्हणून सगळं खरं सांगावं लागलं. त्यांनी गोळी एकदम बंद केल्याबद्दल खरपूस झापलं, मग हळूहळू कमी केली, दुपारची काढून संध्याकाळवर नेली, आणि रोज थोडं चालायला सांगितलं. धुकं विरळ झालं. दुखणं थोडं परत आलं. घोटे उतरले, पोट काही उतरलं नाही. मास्टर आता स्टुलावर बसून फर्मे काढतो, आखतो. मास्टर म्हणतात अजून. पण मशीन बिघडलं की हाक वहिनीला मारतात. पहिलवान पंधरा दिवस बोलला नाही. सोळाव्या दिवशी मास्टर ताका उचलायला वाकला, तर तो धावत आला आणि म्हणाला, "ठेवा खाली. तुमचं ते लांबलचक नाववालं वाढेल."

वहिनी कामापुरतं बोलायची. "खडू द्या." "रेघ जाड आलीय." त्यापलीकडे नाही. मास्टरने दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा तिने ऐकून घेतली आणि मशीन चालू केलं.

उरलेल्या डाव्या बाह्या टेबलाखाली पोत्यात होत्या. फेकायला कुणाला धीर होत नव्हता. स्टुलावर बसलं की मास्टरचे पाय त्या पोत्याला लागायचे.

एका सकाळी हवा गार होती आणि मास्टरचा खांदा असा धरला होता, की खडू धरवेना. कुणाला काही न बोलता तो हात चोळत बसला होता. वहिनी इस्त्रीच्या टेबलाकडे गेली, पहिलवानशी काहीतरी बोलली, आणि येऊन त्याच्यासमोर एक वस्तू आदळली. हिरव्या कापडाची लांबट पिशवी, दोन्ही तोंडं शिवलेली, आत जाडं मीठ. इस्त्रीखाली तापवलेली. मनगटाकडचा निमुळता भाग तसाच होता, त्यावरून कळत होतं कशाची आहे.

"खांद्यावर ठेवा. रेघा वाकड्या यायला लागल्यात."

मास्टरने ठेवली. ऊब हाडापर्यंत गेली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने खडूच्या भुकटीवर ढकललं.

"वहिनी, मी..."

"काही बोलू नका. माझा राग गेलेला नाही."

"हो."

"जाईल की नाही, माहीत नाही."

"हो."

ती मशीनपाशी गेली. कोपरा उलटून बघितला. मग वळून न बघता म्हणाली, "आणि ती फाटली तर सांगा. एकोणचाळीस आहेत अजून."